संपाच्या आधी बोलायला जागा द्या : वैद्यकीय शिक्षण विभागाला एका निवासी डॉक्टरचे खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, मा. सचिव आणि मा. आयुक्त,
वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच राज्यातील सर्व शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता

स. न. वि. वि.

माझ्या फाइलमध्ये दोन कागद आहेत. दोन्ही माझ्याच महाविद्यालयातले.

पहिला ऑगस्ट २०२४ मधला. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या एका निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. १३ ऑगस्टपासून मार्डने, म्हणजे आम्हा निवासी डॉक्टरांच्या संघटनेने, राज्यभर अत्यावश्यक सेवा चालू ठेवून बाकीचं काम थांबवलं, तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या दारावर ही सूचना लागली. ‘अत्यावश्यक सेवेतील कर्मचारी या नात्याने’ ताबडतोब रुजू व्हा, अन्यथा मेस्माखाली, म्हणजे अत्यावश्यक सेवांच्या कायद्याखाली, कारवाई होईल, असा तिचा मजकूर आहे.

दुसरा कागद गेल्या महिन्यातला. आमच्या विभागातल्या एकोणीस जणांनी सह्या करून कामाच्या तासांबद्दल एक साधं निवेदन दिलं होतं. त्याला तीन ओळींचं उत्तर आलं. आपण पदव्युत्तर विद्यार्थी आहात, विद्यार्थ्यांना सेवाशर्ती लागू होत नाहीत, सबब सामूहिक निवेदनाची दखल घेता येणार नाही; कोणाची अडचण असल्यास विभागप्रमुखांमार्फत वैयक्तिक अर्ज करावा.

म्हणजे काम थांबवलं की आम्ही कर्मचारी, आणि कामाबद्दल तोंड उघडलं की विद्यार्थी. हा दुसरा कागद वाचून गप्प बसणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

मी मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पत्राखाली माझं नाव नाही, त्याचं कारण पुढे येईलच. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर आहेत. २०२१-२२ च्या संपात ते पाच महिन्यांहून अधिक काळ घरी होते आणि त्या दिवसांत आईने घर कसं चालवलं ते मी पाहिलंय. त्यामुळे संप म्हणजे काय असतं हे मला कोणी समजावून सांगायला नको. पण त्याच बाबांनी मला मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याबद्दल सांगितलं. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांबच्या गाडीला थोडी सवलत असते, पण मर्यादा असते आणि ती कागदावर असते. मागे चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात, ड्रायव्हरला डुलकी लागून चालत नाही, हे सरकारला तेव्हाच पटलं होतं.

माझ्या वॉर्डात एका रात्रीत चाळीस-पन्नास माणसं असतात.

आमच्या युनिटचा इमर्जन्सी डे मंगळवारी असतो. सकाळी आठला राउंड सुरू होतो, मग दिवसभर आणि रात्रभर कॅज्युल्टीतून ॲडमिशन येत राहतात. पावसाळ्यात पान लागलेले पेशंट येतात. मण्यार किंवा नाग चावलेल्याचा श्वास मंदावतो, व्हेंटिलेटर मिळेपर्यंत कोणीतरी हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबत उभं राहावं लागतं, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा जेआर-वन, पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर, असतो. बुधवारी सकाळी पोस्ट-इमर्जन्सी राउंड. त्यानंतर रात्रीच्या सगळ्या पेशंटच्या तपासण्या, दुसऱ्या विभागांचे रेफरन्स, सोनोग्राफीच्या तारखांसाठी विनवण्या, डिस्चार्ज कार्डं. वॉर्डातून बाहेर पडते तेव्हा बुधवारचे सहा वाजलेले असतात. चौतीस तास. गुरुवारी सकाळी आठला पुन्हा राउंड.

पहिल्या वर्षातली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. अशाच एका बुधवारी दुपारी मी एका मधुमेही आजोबांच्या केस पेपरवर इन्सुलिन लिहिलं. चार युनिट लिहायचे होते. मी चारचा आकडा काढून पुढे ‘युनिट’साठी इंग्रजी यू ओढला. पेन घसरलं, यूची दोन टोकं वर जुळली आणि त्याचं शून्य झालं. चाळीस. सिस्टर इंजेक्शन भरायला निघाल्या, थांबल्या, पेपर घेऊन माझ्याकडे आल्या. “मॅडम, चाळीस द्यायचंय का? शुगर तर एवढी नाहीये.” वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाई होत्या, म्हणून त्यांना शंका आली. नव्या असत्या, किंवा त्याही चोवीस तास उभ्या असत्या, तर? ते आजोबा तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर हात ठेवून घरी गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

सिस्टरांची पाळी आठ तासांची असते आणि ती असायलाच हवी. त्या दिवशी त्या आजोबांचा जीव वाचला तो त्या आठ तासांमुळे.

आता तासांबद्दल कागद काय म्हणतात ते पाहा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत निवासी डॉक्टरने सलग बारा तासांपेक्षा आणि आठवड्याला सर्वसाधारणपणे अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त काम करू नये असं लिहिलं आहे. पण लगेच पुढे कामाचा भार पाहून लवचीकता ठेवण्याची मुभा आहे, आणि त्या मुभेतून आमचे सगळे तास वाहून गेले. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही. कामाचे तास ‘वाजवी’ असावेत आणि विश्रांतीला ‘वाजवी’ वेळ मिळावा, एवढंच. वाजवी म्हणजे किती, हे कोण ठरवणार? आमच्याकडे ते विभागप्रमुख ठरवतात आणि त्यांच्या काळी छत्तीस तास वाजवी होते. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती दलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यात हिशोब मांडला आहे: आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास, म्हणजे एक चोवीस तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. ७४ हा काही चैनीचा आकडा नाही. आमच्या एकोणीस जणांच्या निवेदनात आम्ही एवढंच मागितलं होतं. अठ्ठेचाळीस मागायची हिंमतही केली नव्हती.

त्याच निवेदनात दुसरी विनंती होती, खरे तास नोंदवण्याची. आज आमच्या हजेरीत आत येण्याची वेळ असते. बाहेर पडण्याची वेळ कुठेच लिहिली जात नाही. उद्या एखादा रेसिडेंट सलग तिसाव्या तासाला चुकला, तर तो तिसावा तास होता हे सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसतं. चूक त्याची एकट्याची ठरते.

आणि त्या तासांत आम्ही काय शिकतो? रात्री वॉर्डात मामा, म्हणजे वॉर्डबॉय, नसतात. रक्ताच्या नळ्या हातात धरून पॅथॉलॉजीपर्यंत मी चालत जाते, रिपोर्ट आणायला पुन्हा जाते. ट्रॉली ढकलायला एका बाजूला पेशंटचा मुलगा असतो, दुसऱ्या बाजूला मी. या कामाची लाज वाटत नाही मला, पण मी ट्रॉलीबरोबर एक्स-रेला गेलेली असताना वॉर्डात डॉक्टर नसतो. भरती न झालेल्या पदांचं काम विद्यावेतनावरच्या माणसांकडून करून घ्यायचं आणि त्याला प्रशिक्षण म्हणायचं, ही सवय जुनी आहे. २०२१ मध्ये नीट पीजी या पदव्युत्तर परीक्षेनंतरची प्रवेशप्रक्रिया न्यायालयात अडकली तेव्हा नवी बॅच कित्येक महिने आलीच नाही, आणि कोविडच्या काळात तीन वर्षांच्या डॉक्टरांचं काम दोन वर्षांच्या डॉक्टरांनी ओढलं. माझे सीनिअर्स त्यातून गेलेले आहेत. त्यांच्यातले काही आजही त्या वर्षाबद्दल बोलत नाहीत.

माझ्या बॅचमेटला दुसऱ्या वर्षी छातीत पाणी झालं. टीबी. टीबी वॉर्डातली ड्युटी संपवून तो दीड महिना खोकत होता आणि आम्ही सगळे डॉक्टर असूनही ते आम्हाला थकवा वाटत होतं. त्याने रजा मागितली तेव्हा हजेरी कमी भरली तर टर्म वाढेल, परीक्षा पुढे जाईल, असं त्याला ऐकवलं गेलं. तो गोळ्या सुरू करून अकराव्या दिवशी कामावर आला. त्याने तक्रार केली नाही, आणि का केली नाही ते मला माहीत आहे. आमच्या पेशातली ही गाठ बाहेरच्या माणसाला सहज कळत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडून काम करून घेणारी, आम्हाला शिकवणारी, थिसिसवर सही करणारी आणि टर्म पूर्ण झाल्याचा दाखला देणारी माणसं एकच असतात. परीक्षेच्या खोलीतही त्यांतले काही समोर बसतात. कारखान्यातला कामगार मुकादमाशी भांडला तर बदली होते, कधी नोकरीही जाते, पण कामगार न्यायालयाचा रस्ता तरी उघडा असतो. आमचं तीन वर्षांचं आयुष्य एका सहीवर अडलेलं असतं. वर शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचा बाँड, तो मोडला तर पदव्युत्तर डॉक्टरला ५० लाखांचा दंड. अशा माणसाला ‘विभागप्रमुखांमार्फत वैयक्तिक अर्ज करा’ असं सांगणं म्हणजे अर्ज करू नका असं सांगणं आहे. आमच्यातल्या कोणीही तो अर्ज केलेला नाही. माझं नाव या पत्राखाली नाही ते याच कारणाने. माझ्या थिसिसवरची सही अजून बाकी आहे.

एकट्याला जे बोलता येत नाही ते बोलायला संघटना असते. आमची संघटना आहे, मार्ड. तिचे पदाधिकारी आमच्यासारखेच ड्युटी करून उरलेल्या वेळात मंत्रालयाच्या खेपा घालतात. तिसऱ्या वर्षाची परीक्षा आली की ते जातात, नवे येतात आणि जुनी फाइल पहिल्या पानापासून पुन्हा सुरू होते. शासन मार्डशी बोलतं, हे खरं. पण बोलायला ते बांधील नाही. कधी बोलायचं, किती बोलायचं आणि बोललेलं लिहायचं की नाही, हे सगळं त्या त्या वेळच्या मर्जीवर असतं. म्हणून गेल्या काही वर्षांत आमचं जे काही पुढे सरकलं ते काम थांबल्यावरच सरकलं.

२०१० पासून डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत शिक्षा, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळ्यात एका निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, पाठोपाठ मुंबईत हल्ले झाले, राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण उच्च न्यायालयात पोहोचलं, आणि मग कुठे सरकारी रुग्णालयांसाठी ११०० सुरक्षारक्षक द्यायचं ठरलं. जानेवारी २०२३ मध्ये वरिष्ठ निवासी डॉक्टरांच्या १,४३२ पदांसाठी आणि वसतिगृहांसाठी संप झाला. फेब्रुवारी २०२४ चा संप मी स्वतः पाहिला, मी तेव्हा जेआर-वन होते. ७ तारखेचा संप आश्वासनावर मागे घेतला, आश्वासन कागदावर उतरलं नाही, २२ तारखेला पुन्हा संप सुरू झाला आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत मंत्रिमंडळाने विद्यावेतनात दहा हजारांची वाढ मंजूर केली. जे २५ तारखेला देता आलं ते ७ तारखेला लिहून देता आलं असतं. मधल्या दिवसांत ज्यांचे हाल झाले ते लोक आमचेही नव्हते आणि तुमचेही नव्हते.

त्यांच्यातल्या एक मावशी मला आठवतात. तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. हाताला रिकाम्या गोळ्यांच्या पाकिटांची पिशवी. हृदयाच्या झडपेचा आजार, दर दोन महिन्यांनी ओपीडीत येऊन रक्त तपासायचं आणि गोळीचा डोस ठरवून घ्यायचा. ओपीडी बंद. मी बाहेर आंदोलनात बसले होते. त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, “तुम्ही पण?” मी उठून कॅज्युल्टीतल्या मित्राकरवी त्यांचं काम करून दिलं, पण त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्यांचं कोणी करून दिलं? हा प्रश्न मला आपण विचारावा असं मला वाटत नाही, तो मी मलाच विचारून झाला आहे. मला पुन्हा त्या मावशींसमोर तसं बसायचं नाही. त्यासाठीच संपाच्या आधीची पायरी मागते आहे.

संघटनेला मान्यता दिली तर संप वाढतील, अशी भीती आपल्याकडे बोलून दाखवली जाते. या राज्याचा स्वतःचा अनुभव वेगळं सांगतो. कामगार संघटनांच्या मान्यतेचा कायदा महाराष्ट्राने १९७१ मध्ये केला. किमान ३० टक्के कामगार सभासद असतील तर संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवता येते, मान्यताप्राप्त संघटनेशी वाटाघाटी होतात आणि अनुचित प्रथा कोणत्या हेही त्यात लिहिलेलं आहे, मालकाच्या आणि संघटनेच्याही. विद्यार्थी की कर्मचारी हा वादही नवा नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये तिथल्या कामगार संबंध मंडळाने निवासी डॉक्टरांना विद्यार्थी ठरवून संघटनेचा हक्क नाकारला आणि १९९९ मध्ये त्याच मंडळाने निर्णय फिरवला: शिकत असले तरी ते कर्मचारी आहेत. ब्रिटनमध्ये आमच्यासारख्या डॉक्टरांची बाजू मांडणारी संघटना रीतसर कामगार संघटना आहे. तिथेही संप होतात, नाही असं नाही, पण कामाचे तास आणि विश्रांती करारात असते.

मान्यतेचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं होती. तेव्हा सगळं राज्य विचारत होतं, औषधं होती का, माणसं होती का. कुठल्याही सरकारी रुग्णालयात सलाईन कधी संपलं, कोणता मॉनिटर बंद आहे, एका वॉर्मरमध्ये किती बाळं आहेत, हे सगळ्यात आधी रात्री दोन वाजता ड्युटीवर असलेल्या रेसिडेंटला कळतं. ते त्याने कोणाला सांगायचं? वैयक्तिक अर्जाने? दर महिन्याला संघटनेच्या प्रतिनिधींबरोबर अधिष्ठात्यांची बैठक झाली आणि तिचं इतिवृत्त विभागाकडे गेलं, तर अशा गोष्टी वर्तमानपत्राआधी आपल्यापर्यंत पोहोचतील.

आमच्या घरातली घाणही मला झाकायची नाही. सीनिअर ज्युनिअरला रात्रभर उभं ठेवतो, शिव्या देतो, जेवू देत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच ज्युनिअर सीनिअर होऊन तेच करतो. २०१९ मध्ये मुंबईत आदिवासी समाजातल्या एका निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला आणि तिच्या वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर जातीय छळाचा गुन्हा दाखल झाला. हे आमच्यातच घडलं. मान्यता मिळाली तर संघटनेवर जबाबदारीही येईल, आणि ती यायला हवी. आपल्या सभासदाने आपल्याच दुसऱ्या सभासदाला छळलं तर संघटना कोणाच्या बाजूला उभी राहते, हे तिच्या घटनेत लिहिलेलं असलं पाहिजे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

निवासी डॉक्टरांच्या संघटनेला शासन निर्णयाने मान्यता द्यावी. मान्यतेचा निकष १९७१ च्या कायद्यासारखा सभासदसंख्येचा असावा आणि पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानाने व्हावी.

प्रत्येक महाविद्यालयात महिन्यातून एकदा आणि मंत्रालयात तीन महिन्यांतून एकदा बैठक, दोन्ही बाजूंच्या सह्यांचं इतिवृत्त, आणि दिलेल्या प्रत्येक आश्वासनापुढे तारीख. ती तारीख उलटली तर संपाच्या आधी ठरावीक मुदतीत निकाल देणारी लवाद समिती असावी आणि तिच्यात विभागाबाहेरची माणसं असावीत.

७४ तासांची मर्यादा राज्यात बंधनकारक करावी. ड्युटीची यादी वॉर्डात लावावी, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ नोंदवावी. चोवीस तासांनंतर कोणावरही नवीन पेशंटची जबाबदारी टाकली जाऊ नये.

संघटनेचं काम केलं किंवा तक्रार केली म्हणून थिसिस, टर्म किंवा परीक्षा अडवता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद हवी. तक्रार असलेल्या विद्यार्थ्याचा मार्गदर्शक आणि परीक्षक बदलून मिळावा. क्षयरोगासारखा आजार ड्युटीवर झाला तर त्याची रजा हजेरीतून कापू नये.

आणि रात्रीच्या वॉर्डांसाठी मामांची आणि तंत्रज्ञांची पदं भरावीत. ही मागणी आमची वाटते, पण ती खरं तर पेशंटची आहे.

यात वेतनवाढीची मागणी नाही, हे लक्षात आलं असेल. विद्यावेतन वेळेवर मिळावं ही अपेक्षा आहेच, पण पैशाचा विषय वाटाघाटीच्या टेबलावर सुटेल. आधी ते टेबल हवं.

आमच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या एकोणीस जणांपैकी सहा जण पुढच्या परीक्षेला बसत आहेत, त्यांत मी आहे. निकाल लागला की याच पत्राची नाव आणि सही असलेली प्रत घेऊन मी मंत्रालयात येईन, आणि ते दोन कागदही बरोबर आणीन.

आपली,
एक निवासी डॉक्टर
(तृतीय वर्ष, मेडिसिन)